अठ्ठाविसावा ठोका

(पोस्टकार्ड)

पळसदेव, ता. इंदापूर
९ जानेवारी २०२४

'गाळप' बँड, बारामती यांस,

आपली 'पाचट' ही सीडी वीस-पंचवीस वेळा ऐकली. पाकिटावर "काही म्हणायचं असेल तर पोस्टकार्ड टाका" असे छापले आहे, म्हणून हे कार्ड.

चौथ्या गाण्यात, म्हणजे 'उणे'मध्ये, गिटार सात ठोक्यांवर फिरते आणि झांज चारांवर. त्यामुळे दर अठ्ठाविसाव्या ठोक्याला दोघांची गाठ पडते. चार वेळा बरोबर पडते. पाचव्या वेळी सत्ताविसाव्यालाच पडते. एक ठोका कुठे गेला?

बाकी गाणे फार आवडले. ओरडणाऱ्या बाईंनी घसा सांभाळावा.

क. बा. शेख

---

बारामती
१७ जानेवारी २०२४

आदरणीय शेख सर,

तुमचं कार्ड पोस्टमनने दिलं तेव्हा मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कामावर होते. मी ते उभ्याने चार वेळा वाचलं आणि हातातला मातीचा नमुना भलत्याच बरणीत ओतला.

सर, दीड वर्षापूर्वी आम्ही दोनशे सीडी काढल्या. पोस्टकार्डाची ओळ श्रेयाने गंमत म्हणून छापली होती. आजवर आलेलं हे पहिलं कार्ड. आम्ही तिघं आहोत. मी संस्कृती देवकाते, गिटार वाजवते आणि चाली बांधते. हारिस ड्रम वाजवतो, एरवी टायरच्या दुकानात बसतो. श्रेया फिजिओथेरपिस्ट आहे, आणि ओरडणारी बाई तीच. इंदापूर रोडला एक बंद पडलेली पोल्ट्री शेड आहे, तिथे आमचा सराव चालतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. तरी शेजारचे शेतकरी म्हणतात, कोंबड्या होत्या तेव्हा बरं होतं.

आम्ही जे वाजवतो त्याला मेटल म्हणतात. त्यातही आमचं जरा किचकट. ताल सारखे बदलतात, दोन-तीन वाद्यं वेगवेगळं मोजत एकाच वेळी चालतात. लोक पहिल्या मिनिटाला कान झाकतात आणि दुसऱ्या मिनिटाला विचारतात, "हळदीला वाजवाल का?" असं असताना तुम्ही सात आणि चार वेगळे काढले!

तो ठोका आम्ही मुद्दाम काढला आहे. ऐकणाऱ्याच्या पायाखालची फळी सरकावी म्हणून. तुमच्यासारख्याच्या ते लगेच लक्षात आलं.

आपण संगीताचे प्राध्यापक होतात का? क. बा. शेख हे नाव कुठल्याशा समीक्षकाचं वाटतं. फोन नंबर कळवाल का?

आपली नम्र,
संस्कृती

---

पळसदेव
२९ जानेवारी २०२४

प्रिय संस्कृती,

पत्र पोचले. प्राध्यापक वगैरे काही नाही. सीडी अगदी अपघाताने मिळाली. बहिणीच्या मुलाने, टेंपो चालवणाऱ्या वाजिदने, भिगवणच्या बाजारातून जुना प्लेअर आणला, त्यात ती अडकलेली होती. पहिल्या दिवशी वाटले, प्लेअर बिघडला आहे.

फोन नको. कागदावर विचार करून लिहिता येते.

ठोका मुद्दाम काढला, हे पटले नाही. तसे असते तर श्रेयालाही ते ठाऊक असते. तिने श्वास अठ्ठाविसासाठी धरला आहे. मग ती एक ठोका मागे पडते आणि पुढचा शब्द गिळून टाकते. पुन्हा ऐकून पाहावे. चूक झाली असेल तर लाजण्यासारखे काही नाही.

एवढ्या वेळा का ऐकले, तेही सांगितले पाहिजे. बाकीच्या गाण्यांत पहिली ओळ आली की शेवटची कळते. तुमच्यात पुढे काय येणार ते कळत नाही, आणि आले की वाटते, हेच यायला हवे होते. असे आजवर दुसऱ्या कशात सापडले नाही.

क. बा. शेख

---

बारामती
८ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

तुम्ही प्राध्यापक नाही म्हणता, हा तुमचा विनय आहे. पण तुम्ही मला पकडलंत.

मी खोटं लिहिलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी पाचव्या फेरीत हारिस चुकला. स्टुडिओची वेळ संपत आली होती. मी तो तुकडा कंप्यूटरवर कापला, दोन टोकं जोडली आणि श्रेयाचा आधीच घेतलेला आवाज तसाच वर ठेवला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पुण्यातल्या ज्या जाणकारांना सीडी पाठवली होती त्यांच्याही नाही.

तुमचं पहिलं कार्ड मी हारिसपासून लपवलं होतं. वाटलं, मनाला लावून घेईल. परवा ते त्याला माझ्या बॅगेत सापडलं. वाचून तो ड्रमच्या स्टुलावर बसला. मी म्हटलं, "जाऊ दे रे." तर हसायला लागला. म्हणाला, "दीड वर्ष वाट बघतोय, कुणी धरतंय का. संस्कृती, एक माणूस खरंच ऐकतोय गं!"

आता दुसरी गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नव्हती. आम्ही बँड बंद करायचं ठरवलंय. श्रेया आणि हारिसला हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राने बोलावलंय. आमच्या मागच्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातली चार घरची. मे महिन्यात बारामतीत एक शेवटचा कार्यक्रम करायचा आणि थांबायचं. त्याआधी एकदा तुम्हाला भेटायचंय. येऊ का?

संस्कृती

---

(पोस्टकार्ड)

पळसदेव
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय संस्कृती,

खरे सांगितलेस, बरे वाटले. हारिसला सलाम सांगावा.

भेटायला येऊ नये. इथे पाहण्यासारखे काही नाही.

थांबायचे की नाही ते तुम्ही तिघांनी ठरवावे. पण कुणी ऐकत नाही म्हणून थांबत असाल, तर ते कारण आता खरे राहिलेले नाही.

क. बा. शेख

---

बारामती
२० फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

रागावू नका. येऊ नका म्हणालात तरी आम्ही रविवारी येऊन गेलो. हारिसच्या मोटरसायकलवर, माझ्या पाठीला गिटार. तुमच्यासमोर 'उणे' पूर्ण अठ्ठाविसात वाजवून दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

फाट्यावर विचारलं, "संगीतातले शेख सर कुठे राहतात?" एकाने आम्हाला रावजी गुरुजींकडे पाठवलं. ते पेटी वाजवतात. ते म्हणाले, "हितं शेखांची पाच-सहा घरं हायेत, पर संगीतवालं कुणी न्हाय बा." आम्ही धरणाच्या काठापर्यंत गेलो. पाणी इतकं आत गेलंय की धरणात बुडालेलं जुनं देऊळ पायऱ्यांपर्यंत उघडं पडलंय. 'उणे' हे गाणं मी धरणाच्या उणे पातळीवरच बांधलंय सर, पण देऊळ कधी पाहिलं नव्हतं. अर्धा तास आम्ही दोघं ते बघत उभे होतो.

परत निघताना गिटारच्या बॅगेचा पट्टा तुटला. रस्त्यालगत एका मावशींचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांनी लगेच जाड दोऱ्याने तीन टाके उलटसुलट घालून पट्टा असा शिवला की आता बॅग फाटेल पण पट्टा निघणार नाही. दारात त्यांचे यजमान खुर्ची टाकून बसले होते, ते उगाचच हसत होते. मावशींनी विचारलं, "हे वाजतं कसं?" मी म्हटलं, "मावशी, हे तुम्हाला नाही आवडायचं, हे जरा वेगळं असतं." तरी त्या वाजव म्हणाल्या. मी अँप्लिफायर नसताना, नुसत्या तारांवरच 'उणे'ची सुरुवात वाजवली. बिचाऱ्यांनी काम थांबवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फार सालस बाई.

तुम्ही मात्र भेटला नाहीत. सर, तुम्ही आहात ना?

संस्कृती

---

पळसदेव
२ मार्च २०२४

संस्कृती पोरी,

ह्या पत्रात शुद्ध लिहीत न्हाय. लई दमले त्या शुद्धाला.

ती सालस बाई मीच. करिमा बादशाह शेख. दारात हसत व्हते ते आमचे बादशाह. तुमी दोघं दुकानात आलात तवाच ते सांगायला निघाले व्हते, मी डोळे वटारले म्हणून गप बसले. तुमी गेल्यावर मात्र म्हणाले, "काय गं शेख सर, च्या टाकता का?" बारा-तेरा दिस झाले, अजून त्येच चाललंय.

तुझी सगळी पत्रं मी कपाटात नव्या कापडाच्या घडीत ठेवलीत. तू माझी काढून बघ. मी कुठंबी 'ऐकतो' लिहिलेलं न्हाय. 'ऐकली', 'आवडले', 'पटले', असंच हाय. खोटं बोलले न्हाय, पर खरंबी सांगितलं न्हाय. तू पहिल्याच पत्रात 'आदरणीय सर' लिहिलंस. मला आयुष्यात कुणी आदरणीय लिहिलं नव्हतं. वाटलं, ब्लाऊज शिवणारी बाई हाय म्हणून कळलं, तर पोरगी हसंल, आणि माझा सत्ताविसावा ठोकाबी कुणी खरा धरणार न्हाय. ठोका धरला जावा म्हणून मी गप राहिले.

तीस वर्सं झाली मशीन चालवतीय. पाय एका चालीत चालतो, हात दुसऱ्या. एक सांभाळायचा, दुसरा सोडायचा न्हाय. तुमचं गाणं लागलं तवा वाटलं, अरं, हे तर कुणीतरी माझ्यावानीच बसलंय! मग कापडाच्या टेबलावर खडूनं रेघा ओढल्या. गिटारची एक फेरी झाली की एक रेघ, झांजंची झाली की खाली एक टिंब. पाचव्या वेळी रेघ आणि टिंब जुळंनात. मला वाटलं माझंच चुकलं. सात वेळा पुसून परत काढलं. दहावीला गणितात ब्याण्णव व्हते मला, उगं न्हाय.

तू म्हणलीस, "हे तुमाला न्हाय आवडायचं." तवा मी मान खाली घातली, तर तुला वाटलं मी काम करतीय. मी हसू दाबत व्हते. आणि तू वाजवायला लागलीस तवा हसू गेलं. सीडीत ते लांबून येतं. हितं तीन फुटांवर तुझी बोटं दिसत व्हती. सुई टोचली ते रक्त दिसल्यावर कळलं.

आता रमजान येतोय. ईदची कापडं आलीत, गळ्यापातूर काम हाय. महिनाभर पत्र न्हाय आलं तर घाबरू नको. आणि रागावली असशील तर तसं लिही.

करिमा

---

बारामती
७ मार्च २०२४

करिमामावशी,

रागावले आहेच, पण स्वतःवर. "हे तुम्हाला नाही आवडायचं" हे वाक्य आमचे काका, आमचे शिक्षक, हॉलचे मॅनेजर, सगळे आम्हाला आमच्या संगीताबद्दल ऐकवतात. लोकांना नाही आवडायचं. तेच वाक्य मी उचलून तुमच्या तोंडावर फेकलं. आणि सालस बाई म्हणून वर पत्रात लिहिलं! माफ करा.

मी तुमचं पत्र शेडमध्ये मोठ्याने वाचलं. श्रेया खाली बसून हसत होती, मग हसता हसता तिचे डोळे भरले. हारिस म्हणतो, "मला तिथंच शंका आली होती, बाईंचा पाय मशीनवर नव्हता तरी बरोबर सातावर हलत होता." मग बोलला का नाहीस, विचारलं, तर म्हणे, "त्यांनी सांगितलं नाही, मी कोण सांगणार?"

आम्ही ठरवलंय, थांबायचं नाही. हारिसने ऑर्केस्ट्रावाल्यांना नाही म्हणून कळवलं. श्रेया हळदीला जाईल आणि आमच्यातही राहील. तिचा घसा, तिची मर्जी.

कार्यक्रम १९ मेला, रविवारी दुपारी चार वाजता. यंदा मे महिन्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालयाचा छोटा हॉल मोकळा मिळाला. पुण्याहूनही काही मंडळी येणार आहेत. नवं, अवघड, कुणी न ऐकलेलं शोधत फिरणारे लोक असतात, तसे. तुम्ही आणि बादशाहचाचांनी आलं पाहिजे. तुम्ही नाही आलात तर मी पळसदेवला येऊन दुकानासमोर वाजवेन, अँप्लिफायर लावून.

ईद मुबारक आत्ताच.

तुमची
संस्कृती

---

पळसदेव
२४ मे २०२४

पोरी संस्कृती,

चार दिस कान घुमत व्हते. आज बरं वाटतंय म्हणून लिहितीय.

त्या दिवशी तुला भेटून नीट बोलताच आलं न्हाय. तुमच्याभवती माणसं, आणि आमाला भिगवणची यष्टी धरायची व्हती. म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते सांगते.

आमी साडेतीनलाच आलो. दारातली काळ्या शर्टातली पोरं बघून बादशाह म्हणाले, "कुणी वारलं काय?" त्यांनी खिशातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घातला. मी पुढच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी पुण्याचा एक दाढीवाला पोरगा वही घिऊन व्हता. चांगला व्हता बिचारा. मला म्हणाला, "काकू, आवाज फार मोठा असेल, मागं बसा." मी म्हणलं, "मागं बसले तर झांज गिटारच्या आधी यील का नंतर, ते कसं कळंल?" त्यानं वही मिटली.

मग तुमी सुरू झालात. संस्कृती, मला सांगता येत न्हाय. सीडीत आवाज कानाला लागतो. तितं तो आधी पायाला लागला, मग पोटाला, कानाला सगळ्यात शेवटी. पहिलं गाणं घाबरून ऐकलं. दुसऱ्या गाण्यात हारिसचा उजवा हात एक मोजतोय आणि पाय दुसरं, हे डोळ्यांनी दिसलं, आणि मी मोठ्यानं हसले. एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं न्हाय. लहानपणी जत्रंत पाळणा वर जाऊन थांबला की पोटात जसं व्हतं तसं सारखं व्हत व्हतं. सगळे गंभीर तोंडं करून बसले व्हते आणि मी हसत व्हते. मग दाढीवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्योबी हसायला लागला. तुमचा ताल कुठं फिरणार ते मी त्याला बोटानं आधी दाखवायची, तो खूष व्हायचा. दोनदा मी चुकले. लई मजा आली चुकायला.

त्यानं विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?" मी म्हणलं, "पळसदेवला." तो म्हणाला, "तिथं क्लास आहे?" मी म्हणलं, "हाय की. या एकदा."

श्रेया गाऊन उतरल्यावर माझ्या पाया पडली. एवढी गुरगुरणारी पोरगी, हात केवढा मऊ गं तिचा!

बादशाहांचं सांगते. तिसऱ्या गाण्याला त्यांनी एका कानातला कापूस काढला. यष्टीत बसल्यावर विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाले, "मला काय कळलं न्हाय. पर तुला एवढं हसताना बघून किती वर्सं झाली."

दुकानात येणाऱ्या दोघीतिघी आता शुक्रवारी दुपारी 'पाचट' ऐकायला बसतात. त्यातली निकिता म्हणती, डोकं दुखतं. पर येती.

तुझी
करिमामावशी

---

बारामती
३ जुलै २०२४

करिमामावशी,

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. वाजिदभाईंच्या टेंपोत लावता येईल.

त्यात एकच गाणं आहे. नवं आहे, अजून नाव नाही. त्या रविवारी काठावर उभं राहून देऊळ पाहिलं, तेव्हापासून ते डोक्यात होतं. नऊ मिनिटांचं झालंय. तीन वाद्यं तीन वेगवेगळ्या मोजण्यांवर सुरू होतात आणि फार उशिरा भेटतात. हारिस आणि श्रेयालाही मी सांगितलंय, मावशी ऐकतील तोवर कुणाला दाखवायचं नाही. पुण्याच्या त्या दाढीवाल्याने दोनदा मागितलं, त्यालाही नाही दिलं.

काहीतरी चुकतंय आणि मला सापडत नाहीये. मोजून पाहिलं, ठोके सगळे बरोबर आहेत. तरी शेवट झाला की मला रितं वाटतं. तुम्ही स्पष्ट सांगा. माझं मन राखायचं नाही.

संस्कृती

---

पळसदेव
१५ जुलै २०२४

पोरी,

अकरा वेळा ऐकलं. टेंपोत दोनदा, मग वाजिदनं दुकानात स्पीकर आणून दिला. एकदा मशीन बंद करून, डोळे मिटून.

ठोके बरोबर हायेत. एकबी हललेला न्हाय. हारिसला सांग, तू मोठा झालास.

तुझं गाणं सात मिनिटं वीस सेकंदांना संपतं. तितं तिघं पहिल्यांदाच एका जागी येतात आणि गप व्हतात. मी तितं बसल्या जागी ताठ झाले. आणि मग तू पुढं पावणेदोन मिनिटं परत तेच वाजवून समजावून सांगतेस, बघा हं, तिघं कसे भेटले. कशाला? तुला भ्या वाटतं का, लोकांना कळणार न्हाय म्हणून? समजावू नको. ज्याला कळलं त्याला कळलं. ज्याला न्हाय कळलं तो परत ऐकंल. मी न्हाय का पंचवीस वेळा ऐकलं?

तुझं हे रितं वाटणं तिथूनच येतंय. भेट झाल्यावर कुणी दारात उभं राहून लई बोलत बसलं की जसं वाटतं, तसं.

शेवटचं काढून टाक. खात्री करायला मी बादशाहांना ऐकवलं, आणि सात मिनिटं वीसला बंद केलं. ते दारात पेपर वाचत व्हते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "का बंद केलंस?" मी म्हणलं, "संपलं." तर म्हणाले, "परत लाव."

करिमामावशी

---

(पोस्टकार्ड)

बारामती
२२ जुलै २०२४

मावशी,

काढलं. शेडमध्ये तिघांनी सलग वाजवून पाहिलं. शेवटचा ठोका पडला आणि श्रेयाने इतक्या जोरात आरोळी ठोकली की दोन अंड्यांचे ट्रे भिंतीवरून खाली आले.

सप्टेंबरमध्ये गाणं काढतोय. पाकिटाच्या आतल्या पानावर नावं छापायची आहेत. गिटार संस्कृती, ड्रम हारिस, आवाज श्रेया. चौथं नाव तुमचं, ते ठरलंय. पण त्यापुढे काय लिहायचं? हारिस म्हणतो मार्गदर्शन, श्रेया म्हणते सल्लागार. तुम्हीच सांगा. छापखान्यात शनिवारपर्यंत द्यायचंय.

संस्कृती

---

(पोस्टकार्ड)

पळसदेव
२५ जुलै २०२४

पोरी,

मार्गदर्शन लिहू नको, पुढाऱ्यावानी वाटतं. सल्लागार तर अजिबात नको. नाव मातुर पुरं छाप, मोठ्या अक्षरात, कुणालाबी लांबून वाचता यावं असं.

करिमा बादशाह शेख, पळसदेव.

आणि त्याच्यापुढं लिही, ऐकणारी.